लहान चाकांच्या सायकलवर सामान: वजन कुठे ठेवायचं, कसं बांधायचं

सोळा किंवा वीस इंची चाकांची घडीची सायकल घेतली, दोन-चार दिवस रिकाम्या हातांनी फिरून झालं, की प्रश्न येतो तो सामानाचा. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली, रेनकोट, कुलूप आणि येताना भाजी. हे सगळं एवढ्याशा सायकलवर मावणार कुठे? बहुतेक जण सॅक पाठीला लावतात, पिशवी हँडलला अडकवतात आणि आठवड्याभरात म्हणायला लागतात की ही सायकल डगमगते. दोष सायकलचा नसतो. वजन चुकीच्या जागी गेलेलं असतं.

खरं तर लहान चाक आणि सामान यांचं चांगलं जमतं. चाक लहान झालं की त्याच्या वर जागा मोकळी होते, आणि तिथे ठेवलेलं वजन जमिनीपासून फार वर जात नाही. इंग्लंडात खाटीक आणि पाववाल्यांची पोरं घरपोच माल द्यायची त्या सायकलींचं पुढचं चाक मुद्दाम लहान असे, म्हणजे त्यावर मोठी टोपली बसे. ती टोपली हँडलला नाही, फ्रेमला जोडलेली असे. अॅलेक्स मोल्टन या इंजिनिअरने १९६२ साली लहान चाकांची सायकल बाजारात आणली, तेव्हा चाकांवर उरलेल्या जागेचा सामानासाठी वापर हा तिच्या रचनेचाच भाग होता. लंडनच्या ब्रॉम्प्टन सायकलला आजही पुढची बॅग फ्रेमवरच बसते. ‘फ्रेमवर’ हा शब्द लक्षात ठेवा, पुढे तो बऱ्याचदा येणार आहे.

आधी वजन करा

अंदाज नको, काटा घ्या. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हातात धरायचा काटा असला तर उत्तम, नाहीतर घरातला वजनकाटा चालेल: एकदा नुसते उभे राहा, एकदा सामान घेऊन. ऑफिसचं रोजचं सामान बघता बघता सहा-सात किलोंवर जातं. लॅपटॉप आणि चार्जर दोन-अडीच किलो, भरलेला स्टीलचा डबा एक किलो, लिटरची बाटली एक किलो, जाड कुलूप एक-दीड किलो, आणि मग रेनकोट, छत्री, बदलायचा शर्ट, पंक्चरचं सामान. मंडईतून येताना कांदे-बटाटे घेतले की दहा किलो सहज.

आता सायकलचं माहितीपुस्तक काढा. त्यात एकूण भाराची मर्यादा दिलेली असते, आणि ती स्वार, सामान असं सगळं धरून असते. ब्रॉम्प्टनची ११० किलो आहे, डाहॉन या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांची १०५. तुमचं वजन ८५ असेल तर हातात वीस-पंचवीस किलो उरतात. रोजच्या कामाला हे पुरेसं आहे. पण पाण्याचा वीस लिटरचा जार घरी आणायचा बेत असेल तर तो सोडा. मर्यादेत बसला तरी तो गोल जार या सायकलवर धड बांधताच येत नाही.

लहान मुलाला मागे बसवावं का, हेही लोक विचारतात. कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी तशी सीट चालेल असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर नाही. सामान हलत नाही, मूल हलतं.

हँडलला काही अडकवू नका

ही सवय आपल्याकडे हाडीमासी मुरलेली आहे. दूधवाल्याच्या किटल्या आणि मुंबईच्या डबेवाल्यांच्या हँडलला लटकलेले डबे आपण लहानपणापासून बघतो. पण त्यांची सायकल २८ इंची चाकांची, भक्कम दांडीची, स्वतःच्या वजनानेच सरळ चालणारी. घडीच्या सायकलचं हँडल एका लांब उभ्या नळीच्या टोकाला असतं आणि त्या नळीला खाली बिजागरी असते. लहान चाकामुळे हँडल आधीच हलकं असतं, बोटभर वळवलं तरी सायकल वळते. अशा हँडलला दोन किलोची पिशवी लावली की तिचा प्रत्येक झोका थेट चाकापर्यंत पोचतो. शिवाय पिशवी आत झुलून आऱ्यांत अडकली तर पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि तुम्ही हँडलवरून पुढे जाता. कोथिंबिरीची जुडी असेल तर अडकवा. त्याहून जड काही नको.

पाठीवरच्या सॅकचं वेगळं. तीन किलोंपर्यंत ती चालते, खड्ड्यांत लॅपटॉपला कमी हादरे बसतात हा तिचा गुणही आहे. त्यापुढे मात्र पाठ घामाने भिजते आणि सगळं वजन सायकलच्या सर्वांत उंच टोकाला, तेही मागे, जाऊन बसतं. घडीच्या सायकलवर तुमचं बूड मागच्या चाकाच्या जवळजवळ डोक्यावर असतं. म्हणजे मागच्या चाकावर आधीच तुमचा बराचसा भार आहे. त्यात सॅकची भर पडली की चढावर पुढचं चाक उचलू पाहतं. पुण्यात कोथरूडहून चांदणी चौकाकडे चढताना हे लगेच कळतं.

पहिली पसंती: पुढे, फ्रेमवर

हँडलची नळी फ्रेमच्या ज्या आखूड उभ्या नळीत शिरते ती बघा. ब्रॉम्प्टनवर तिथे प्लास्टिकचा एक ठोकळा स्क्रूने बसतो आणि बॅगेच्या पाठीतला सांगाडा वरून सरकवला की खट्‌कन अडकतो. डाहॉन आणि टर्न या कंपन्यांच्या बऱ्याच मॉडेलांना त्या नळीवर भोकं आधीच पाडलेली असतात, त्यांवर बॅग अडकवायचा जोड बसवता येतो. तुमच्या सायकलला भोकं नसतील तर नळीला पट्ट्यांनी आवळून बसणारे जोडही मिळतात. घेण्याआधी नळीची जाडी मापून ठेवा. अॅल्युमिनियमच्या फ्रेमची नळी जाड असते आणि जोडाच्या पट्ट्या अपुऱ्या पडू शकतात. नवीन भोक स्वतः पाडायला जाऊ नका. तिथे फ्रेमवर मोठा ताण येतो.

जोड बसवल्यावर तीन गोष्टी तपासा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ब्रेकच्या आणि गिअरच्या केबली बॅगेला घासतात का, ओढल्या जातात का? सायकल घडी करून बघा. हँडल ज्या बाजूला दुमडतं तिकडे ठोकळा आडवा येतो का? आणि संध्याकाळी दिवा लावून बघा. हँडलवरचा दिवा बहुधा बॅगेच्या पाठीवरच उजेड पाडत असतो. तो काढून पुढच्या चाकाच्या वर, ब्रेकच्या बोल्टपाशी बसवावा लागतो.

ब्रॉम्प्टनच्या या ठोकळ्यावर दहा किलोंपर्यंत भार चालतो. इतर जोडांची मर्यादा पुष्कळदा याहून कमी असते, ती पाकिटावर वाचा.

चालवताना पहिल्या वळणावर गंमत होते. हँडल डावीकडे जातं आणि बॅग मात्र सरळच बघत राहते. नजर बॅगेवर असली की क्षणभर वाटतं सायकल वळलीच नाही. नजर रस्त्यावर ठेवा, दोन चौक ओलांडेपर्यंत सवय होते. आणि मग लक्षात येतं की पाच-सहा किलो पुढे असताना सायकल रिकामी असतानापेक्षा शांत चालते. मागे तुम्ही, पुढे सामान, असा तोल साधतो. माझ्या मते ऑफिसला जाणाऱ्याने पहिला खर्च इथे करावा.

दुसरी जागा: मागचा कॅरिअर

मागच्या कॅरिअरसाठी फ्रेमवर स्क्रूची भोकं असली की काम सोपं आहे. बहुतेक वीस इंची सायकलींना मागच्या एक्सलजवळ आणि सीटखालच्या नळ्यांवर स्क्रूसाठी जागा असते. कॅरिअर लहान चाकासाठीच बनवलेला घ्या. मोठ्या सायकलचा बसवला तर तो चाकापासून हातभर वर तरंगतो आणि लहान चाकाचा फायदाच जातो. साधा नट न वापरता आत नायलॉनची कडी असलेला नट वापरा. आपल्या रस्त्यांवर साधे नट महिन्याभरात ढिले होतात. कॅरिअरवर किलोचा आकडा कोरलेला असतो, १०, १८, २५ असे. हा आकडा कॅरिअरचा, सायकलचा नव्हे. दोन्हींपैकी जो लहान तो खरा.

सीटच्या नळीला आवळून बसणारा, खाली आधार नसलेला कॅरिअरही मिळतो. घडीच्या सायकलला तो घेऊ नका. एक तर घडी करताना सीट खाली सरकवावी लागते आणि हा आडवा येतो. दुसरं म्हणजे या सायकलींची सीटची नळी जाड असते, बाजारातला साधा पट्टा तिच्यावर बसतच नाही.

आता टाचेची भानगड. लहान सायकलला पायडल आणि मागचं चाक यांच्यात अंतर कमी असतं. कॅरिअरच्या बाजूला लटकणाऱ्या मोठ्या बॅगा लावल्या की प्रत्येक फेऱ्यात टाच बॅगेला लागते. बॅग विकत घेण्याआधी हे मोजा: कुणाला तरी सायकल धरायला सांगा, रोजच्या चपला-बुटांत सीटवर बसा, पायडल उलटं फिरवून एक पाय पूर्ण मागे न्या. टाचेच्या मागच्या कडेपासून कॅरिअरच्या मागच्या टोकापर्यंत जेवढी जागा आहे, तेवढ्यातच बॅग मावली पाहिजे, शिवाय दोन बोटं जागा सुटली पाहिजे. नऊ नंबरचा बूट घालणाऱ्याला बहुधा एकच अरुंद बॅग, तीही मागे सरकवून लावावी लागते. खालचे कोपरे तिरके कापलेल्या बॅगा मिळतात, त्या इथे सोयीच्या.

उंचीचाही हिशेब करा. २० इंची, म्हणजे टायरवर ४०६ लिहिलेल्या चाकाची टायरसकट उंची साधारण ५० सेंटिमीटर. ब्रॉम्प्टनच्या १६ इंची, म्हणजे ३४९ चाकाची ४२ च्या आसपास. कॅरिअर त्याहून चार-पाच सेंटिमीटर वर. त्यावरून ४० सेंटिमीटर उंचीची बॅग लटकवली तर वीस इंचीवर खाली वीतभरही जागा राहत नाही. सोसायटीच्या दारातल्या गतिरोधकावर ती घासणार हे ठरलेलं. ३० सेंटिमीटरच्या आतली बॅग बघा. गिअर बदलणारा सांगाडा उजव्या बाजूला, जमिनीच्या अगदी जवळ असतो. म्हणून एकच बॅग लावायची असेल तर डावीकडे लावा. वाहनं आपल्या उजवीकडून जातात, त्यांच्यापासूनही ती दूर राहते.

बांधायचं कसं

कॅरिअरवर खोकं किंवा पिशवी बांधायला दुकानात रंगीत, दोन टोकांना हुक असलेल्या लवचीक दोऱ्या मिळतात. मला त्या आवडत नाहीत. हुक खड्ड्यात निसटतो, दोरी सैल पडते आणि तिचं टोक आऱ्यांत जातं. त्यापेक्षा सायकलवाल्याकडून जुनी ट्यूब मागून घ्या, पैसेही घेत नाही. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, उरलेल्या ट्यूबच्या लांबीने उभ्या दोन पट्ट्या करा. पट्टीचं एक टोक कॅरिअरच्या दांडीला गाठ मारून कायमचं बांधा. सामान ठेवल्यावर पट्टी ताणून वरून घ्या, पलीकडच्या दांडीखालून काढा, पुन्हा वर आणा आणि उरलेलं टोक ताणलेल्या पट्टीखालीच खोचा. रबर रबराला धरतं, गाठीची गरज नाही. दुसरी पट्टी पहिलीला छेद देऊन. मग खोकं दोन्ही हातांनी धरून हलवा. खोक्याबरोबर सायकल हलली तर बांधणं पक्कं. नुसतं खोकं हललं तर सोडा आणि पुन्हा बांधा. पेपरवाले आणि दूधवाले वर्षानुवर्षं असंच बांधत आलेत.

जड वस्तू तळाशी आणि सीटच्या बाजूला, हलक्या वर आणि मागे. डबा उभाच राहील अशा जागी, बाजूला टॉवेल खोचून. आमटी असेल तर खटक्याचा डबा आणि वर प्लास्टिकची पिशवी, कारण लहान चाकांचे हादरे झाकण ढिलं करतात. लॅपटॉप उभा ठेवा, पण तो बॅगेच्या तळाला टेकू देऊ नका. तळाशी जुना टॉवेल घडी घालून ठेवला की पुष्कळ झालं. कॅरिअरवर आडवा बांधलेला लॅपटॉप फार दिवस टिकत नाही.

हवा

लहान टायरमध्ये हवा थोडी मावते, त्यामुळे जराशी कमी झाली तरी लगेच फरक पडतो. टायरच्या कडेला किमान आणि कमाल दाब लिहिलेला असतो. २० × १.७५ च्या टायरवर साधारण ४० ते ६५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. सामान न्यायचं त्या दिवशी मागच्या टायरमध्ये नेहमीपेक्षा पाच-सात पीएसआय जास्त भरा, कमाल आकडा न ओलांडता. पुढे दहा किलो लावत असाल तर पुढेही. दाब कमी असताना खड्ड्याची कड बसली की रीम आणि कड यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात.

मोटरसायकलसारखा व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. पण तिथला कॉम्प्रेसर एवढीशी ट्यूब दोन-तीन सेकंदांत फुगवतो, तेव्हा भरणाऱ्याला आकडा आधी सांगा आणि नजर ठेवा. काटा असलेला पायपंप घरी असणं सगळ्यात बरं.

कंपाउंडात चाचणी

नवीन जोड किंवा कॅरिअर बसवला की थेट कर्वे रोडला जाऊ नका. पाच किलो तांदळाची पिशवी बांधा आणि सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा. सरळ रेषेत जा. आठचा आकडा काढा. एक हात सोडून वळण्याची खूण करा. वेग घेऊन दोन्ही ब्रेक दाबा आणि थांबायला किती जास्त अंतर लागतं ते बघा. मग उतरा आणि सायकल स्टँडला लावा. लहान सायकलचे एकपायी स्टँड मागे बॅग असली की हमखास दगा देतात. पुढे वजन असेल तर हँडल वळून सायकल कलंडते. भिंतीला टेकवा, किंवा ब्रेक दाबून लिव्हरला रबरबँड लावा, म्हणजे चाक हलत नाही. बॅग काढायची असेल तर आधी काढा, मग स्टँड लावा.

रस्त्यावर

मोठं चाक ज्या खड्ड्यावरून निघून जातं त्यात लहान चाक उतरतं. सामान नसताना आपण नकळत सीटवरून उठून सायकल हलकी करतो. पण बांधलेलं सामान उठत नाही, त्याचा पूर्ण दणका चाकाला बसतो. तेव्हा दूरवर बघा आणि वेग आधीच कमी करा. खड्ड्यात असताना ब्रेक दाबू नका, त्याच्या आधी दाबून सोडा. गटारांच्या लोखंडी जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर त्या टाळाच. पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यातली चीरही तशीच, ती तिरकी न ओलांडता काटकोनात ओलांडा. पावसात पाण्याने भरलेलं डबकं म्हणजे खोली माहीत नसलेला खड्डा समजा.

चढावर सीटवर बसूनच, हलक्या गिअरमध्ये, थोडं पुढे वाकून चढा. उभं राहून पायडल मारलं तर मागची बॅग सायकलला उलट्या दिशेने ओढते.

पावसाळ्यासाठी आणखी एक. घडीच्या सायकलींचे मडगार्ड आखूड असतात, त्यामुळे पुढच्या चाकाचं चिखलपाणी बॅगेच्या तळावर येतं. पावसाचं कव्हर वरून झाकतं, तळ उघडाच राहतो. म्हणून कव्हरवर भिस्त न ठेवता आतल्या वस्तूच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि तोंड दोनदा दुमडून बांधा.

मेट्रोत आणि लोकलमध्ये

घडीची सायकल घेतली ती घडी करण्यासाठी. त्यामुळे बॅग एका झटक्यात निघाली पाहिजे आणि खांद्याला लागली पाहिजे. खांद्याचा पट्टा नसलेली बॅग कितीही छान असली तरी घेऊ नका. क्रम असा ठेवा: स्टेशनबाहेर थांबा, बॅग काढा, पट्टा आडवा गळ्यात घाला, कॅरिअरवरच्या मोकळ्या रबरी पट्ट्या गुंडाळून खोचा, मग घडी. उलटा क्रम केला तर दुमडलेली सायकल एका हातात धरून दुसऱ्या हाताने बॅगेशी झटापट करावी लागते, आणि मागे माणसं खोळंबतात.

सायकल बारा-चौदा किलो, बॅग सहा-सात. दोन्ही मिळून जिने चढणं म्हणजे चेष्टा नाही. पुणे मेट्रोत सायकल नेता येते आणि स्टेशनांत लिफ्ट आहेत, त्या वापरा. जिल्हा न्यायालय स्टेशनात पर्पल मार्गिका खोल जमिनीखाली आणि अॅक्वा मार्गिका वर आहे. तिथे गाडी बदलायची असेल तर दहा मिनिटं हाताशी ठेवा. मुंबईत लोकलने जायचं तर लगेजचा डबा गाठा, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत बेतच करू नका. डब्यात सायकल दाराच्या विरुद्ध बाजूला भिंतीशी उभी करा आणि चेनची बाजू भिंतीकडे ठेवा, लोकांच्या कपड्यांना वंगण लागत नाही. ब्रॉम्प्टनसारख्या सायकलींच्या कॅरिअरला खाली छोटी चाकं असतात. घडी त्यांच्यावर ढकलत नेता येते, पण आपल्या फूटपाथांवर नाही, गुळगुळीत फरशीवरच.

महिन्यातून एकदा

सामान वाहणाऱ्या सायकलचे स्क्रू तपासायला दहा मिनिटं पुरतात. कॅरिअरचे चारही बोल्ट, पुढच्या ठोकळ्याचे बोल्ट, फ्रेमच्या आणि हँडलच्या बिजागरीचे खटके. खटका बंद करताना तळहातावर किंचित वळ उठेल इतका जोर लागला पाहिजे. सहज बंद होत असेल तर तो आवळून घ्या. मागच्या चाकाच्या आऱ्या दोन-दोन करून चिमटीत दाबा. एखादी इतरांपेक्षा सैल लागली तर सायकलवाल्याकडून ताण सारखा करून घ्या. लहान चाकाच्या आऱ्या आखूड असल्याने चाक मुळात मजबूत असतं, पण एक सैल पडली की शेजारच्यांवर भार येतो. टायर मोठ्या सायकलपेक्षा लवकर झिजतात, कारण तेवढंच अंतर कापायला चाक जास्त फेरे घेतं.

खर्चाचा क्रम विचाराल तर आधी जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि काटा असलेला पंप. मग पुढचा जोड आणि खांद्याच्या पट्ट्याची बॅग. मागचा कॅरिअर त्यानंतर, भाजी-किराण्याचं काम सायकलवर आलं तरच. आणि मागच्या लटकत्या बॅगा टाच मोजून झाल्यावर, दुकानात सायकल बरोबर नेऊनच घ्या.